थोमाचे आठ दिवस

एखाद्या माणसाची कीर्ति त्याच्या एकाच वाक्यानें कायमची ठरून जावी, असें थोमाच्या वांट्याला आलें. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं हा एक. ‘संशयी थोमा’ ही उपाधि त्याला चिकटली, ती अद्याप सुटलेली नाहीं. न पाहतां विश्वास ठेवणें म्हणजे काय, हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनीं या थोमाची कथा योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत सावकाश वाचावी.

पुनरुत्थानाच्या दिवशीं संध्याकाळीं शिष्य भीतीनें दारें लावून बसले असतां येशू त्यांच्यामध्यें येऊन उभा राहिला. थोमा त्या वेळीं तेथें नव्हता. सोबत्यांनीं वृत्त सांगितलें, तेव्हां त्यानें स्पष्ट बजावलें कीं, खिळ्यांच्या खुणांत बोट व कुशींत हात घातल्यावांचून आपण हें मानणार नाहीं. हें उद्धट वाटेल. परंतु इतर शिष्यांनीं तरी काय केलें होतें? कबरेपाशीं जाऊन आलेल्या स्त्रियांचें बोलणें त्यांना पोकळ वाटलें, असें लूक सांगतो. त्यांनींही पाहिल्यावरच मानिलें. त्यांना जें मिळालें, त्याहून थोमानें फारसें अधिक मागितलें नाहीं.

नंतर आठ दिवस गेले. या दिवसांविषयीं ग्रंथ कांहींच सांगत नाहीं, आणि माझ्या मतें सारें मर्म तेथेंच आहे. आठ दिवसांनीं थोमा त्याच मंडळींत, पुन्हां बंद दारांआड बसलेला आढळतो. ज्यांचें सांगणें पटत नव्हतें, त्यांना त्यानें सोडलें नाहीं. आणि अविश्वासी म्हणून त्यांनींही त्याला बाहेर घालविलें नाहीं.

मग येशू आला, आणि थोमानें मागितलें होतें तेंच त्यानें पुढें केलें. थोमानें खरोखर बोट घातलें, असें मात्र योहान कोठेंही लिहीत नाहीं. कारावाज्जो या इटालियन चित्रकारानें १६०२ च्या सुमारास काढलेल्या चित्रांत बोट जखमेंत शिरलेलें दिसतें, व तें चित्र इतकें प्रभावी आहे कीं, पाहणारा मूळ विसरतो. मूळांत थोमा एकदम त्याला आपला प्रभु व देव म्हणून संबोधितो.

न पाहतां विश्वास ठेवणाऱ्यांना येशू धन्य म्हणतो, तें यानंतर. याचा अर्थ पुष्कळदां असा करतात कीं, प्रश्न विचारूं नये, डोळे मिटून मान डोलवावी. मला तो ग्राह्य वाटत नाहीं. बहुतेक अभ्यासकांच्या मतें हें शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलें गेलें. म्हणजे येशूला पाहिलेली पिढी तेव्हां मावळत होती. वाचकांच्या हातीं उरली होती ती केवळ साक्ष. आणि आपण लिहितों तें त्यांनीं विश्वास धरावा म्हणूनच, असें योहान लगेच पुढें सांगतो. न पाहतां म्हणजे साक्षीवांचून नव्हे. विश्वास आपण मराठींत माणसावर ‘ठेवतों’. पावसाळ्यांत नदी उतरतांना नावाड्यावर तो ठेवतों, तेव्हां नदीचा तळ आपण पाहिलेला नसतो. नावाड्याला ओळखीत असतों. ख्रिस्ती विश्वास मुख्यतः या जातीचा आहे.

शंका आली कीं विश्वास संपला, असें समजून मनांतल्या मनांत झुरणारे भाविक पुष्कळ आहेत. त्यांनीं मदर तेरेसांची हकीगत ऐकावी. १९४८ सालीं त्यांनीं कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत सेवा आरंभिली, आणि सुमारें त्याच काळापासून देवाच्या सान्निध्याचा अनुभव त्यांना नाहींसा झाला. १९५८ मधील थोडे दिवस वगळतां हा काळोख जवळजवळ अखेरपर्यंत टिकला. प्रार्थना व दीनांची शुश्रूषा मात्र सुटली नाहीं. आपली व्यथा त्यांनीं आध्यात्मिक मार्गदर्शकांनाच पत्रांतून कळविली, व तीं पत्रें नष्ट करावीं, अशी विनंति केली. ती मानली गेली नाहीं. १९९७ सालीं त्या वारल्या. २००७ मध्यें पत्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं, तेव्हां कित्येकांना ती नास्तिकतेची कबुली वाटली. परंतु त्यांतील कांहीं लिखाण खुद्द येशूलाच उद्देशून आहे, याकडे त्यांचें लक्ष गेलें नसावें. संतपदाच्या चौकशींत हीं पत्रें गोळा करून तपासण्यांत आलीं होतीं; आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजीं रोम येथें त्यांना संत म्हणून घोषित करण्यांत आलें.