आर्ट्सला आलो, मग गणित-विज्ञान कशाला?

आजचा एपिसोड बुलढाणा जिल्ह्यातल्या फर्स्ट इयरच्या पोरापोरींसाठी.

आपली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर विषयासोबत 'ओपन इलेक्टिव्ह' घ्यावा लागतो, तोही आपल्या शाखेबाहेरचा. त्याचे क्रेडिट डिग्रीत मोजले जातात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे 30 तास.

एवढ्या तासांत मिळतं काय? आपलं लोणार बघा. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लोकांनी नाना तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा कळलं की रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. तर्क कुठे संपतो आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे ओळखणं आर्ट्सवाल्यालाही लागतंच ना?

आता गणित आणि फिटनेस. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मैदानात मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं. लेखीत अंकगणित असतंच. बारावीनंतर गणित सोडलेल्याची गाडी इथेच अडते. खेळ, योग, एनसीसी, एनएसएस यांनाही आता 'को-करिक्युलर'मध्ये क्रेडिट मिळतात. म्हणजे रोजचा सराव डिग्रीतही धरला जाऊ शकतो.

म्हणून फॉर्म भरताना नुसतं "सोपा कोणता?" विचारू नका. सीनियरला विचारा: तास खरंच होतात का? शिकवतं कोण? मग टिक करा.