ओटीपी दिला नाही, तरी पैसे गेले कसे?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठेही ऑनलाइन फसवणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी ओटीपी कुणाला देतच नाही, मला कोण फसवणार?" बँकांनी आणि पोलिसांनी इतकी वर्षं हा एकच धडा घोकून घेतला आणि लोकांनी तो मनापासून पाठ केला. पंचाईत अशी, की तो ठगांनीही ऐकला. गिफ्ट कार्डाच्या फसवणुकीत ते ओटीपी मागतच नाहीत.

प्रकार असा चालतो. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून संदेश येतो, फोटो मात्र ओळखीचा असतो. कधी डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांचा, कधी बीईओंचा (गटशिक्षणाधिकाऱ्यांचा), कधी शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचा. "मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. काही जणांना भेट द्यायची आहे. दहा-दहा हजारांची चार ई-गिफ्ट कार्डं घ्या आणि नंबर पाठवा. पैसे संध्याकाळी देतो." साहेबांनी आपल्यालाच सांगितलं, याचं थोडं अप्रूपही असतं. संदेश मिळालेला शिक्षक खऱ्या ॲपवर जातो, खरी कार्डं घेतो, आपल्या बँकेचा खरा ओटीपी स्वतःच्या हाताने योग्य त्याच जागी टाकतो. मग ईमेलवर आलेले कार्डांचे नंबर आणि पिन साहेबांना पाठवून देतो. ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही, त्यामुळे मन निर्धास्त.

त्याची समजूत अशी असते, की आपण फक्त नंबर दिला. पैसे कंपनीकडे जमा आहेत आणि कार्ड आपल्या नावावर आहे. काही गडबड झालीच तर रद्द करून घेऊ.

या समजुतीवर किती वेळा डोकं आपटायचं? ई-गिफ्ट कार्डात नंबर आणि पिन यांपलीकडे काही नसतंच. पूर्वी खरवडायचं रिचार्ज कूपन मिळायचं, ते आठवा. पैसे तुम्ही दिलेले असले तरी चांदीच्या पट्टीखालचा आकडा जो आधी टाकील, टॉकटाइम त्याचा. कूपन कुणी विकत घेतलं, हे मोबाइल कंपनी विचारत नव्हती. गिफ्ट कार्डही ज्याच्या खात्यात भरलं गेलं त्याचं झालं. आपला शिक्षक "साहेब, मिळाले का?" असं टाइप करीपर्यंत चारही कार्डं दुसऱ्याच्या खात्यात गेलेली असतात किंवा कमी भावात तिसऱ्याला विकलेली असतात.

ठगांना बँक खात्यापेक्षा कार्ड का आवडतं? खात्यात पैसे घ्यायचे तर भाड्याचं खातं लागतं, त्याला केवायसी असते आणि पोलिसांनी गोठवलं तर सगळंच अडकतं. कार्डाचे आकडे फोनवर वाचून दाखवले तरी काम होतं. हा शोध आजचा नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सुमारे सातशे जणांना ताब्यात घेतलं. तिथली पोरं अमेरिकेतल्या माणसांना "कर विभागातून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर पोलीस येतील" असं धमकावत. घाबरलेली माणसं दुकानात जाऊन आयट्यून्सची कार्डं विकत घेत आणि त्यांवरचे आकडे फोनवर वाचून दाखवत. गाणी आणि ॲप घेण्याच्या कार्डाने सरकारी कर भरता येतो, यावर तिकडच्या शिकल्या-सवरल्या लोकांनीही विश्वास ठेवला. तेव्हा आपल्याकडच्या मास्तरांना हसू नये. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन तर सरळ सांगतं, की गिफ्ट कार्डाने पैसे भरायला लावणारा माणूस ठगच असतो.

यानंतरचा गैरसमज बँकेच्या काउंटरवर फुटतो. "आरबीआयचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की पैसे परत." नियम आहे, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आलेला. पण तो तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे व्यवहार तुम्हीच केला आणि ओटीपीही तुम्हीच टाकला. बँकेच्या लेखी तुम्ही कार्ड मागितलं आणि तुम्हाला कार्ड मिळालं. मॅनेजरशी भांडून घसा बसेल, दुसरं काही होणार नाही.

धावायचं दुसरीकडे. ऑर्डर नंबर आणि कार्डाचा ईमेल हाताशी ठेवून आधी कार्ड देणाऱ्या कंपनीला कळवा. कोड कोणत्या खात्यात आणि किती वाजता भरला गेला, हे तिच्याकडे नोंदलेलं असतं. रक्कम खर्च झाली नसेल, तर अडवायची थोडी आशा तिथेच असते. लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्यांचा आणखी एक घोळ असतो: राहायला कमलनगरला, खातं उदगीरला, सिम पोराने पुण्यात घेतलेलं, मग तक्रार करायची कुठे? कुठेही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. जिल्ह्याच्या सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या ठाण्यात, गेलात तर आणखी बरं.

आणखी एक गैरसमज बक्षिसाचा. "तुम्हाला पन्नास हजारांचं गिफ्ट कार्ड लागलंय, फक्त 18 टक्के जीएसटी भरा, मग चालू होईल." इथे दोन थापा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 27 ऑगस्ट 2021 च्या निर्देशांप्रमाणे भेटीच्या प्रीपेड कार्डाची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे. (एकाच दुकानात चालणारी, त्या दुकानानेच काढलेली कार्डं या निर्देशांत येत नाहीत.) वरच्या संदेशातले साहेब "दहा-दहा हजारांची चार" का मागतात, तेही आता कळेल. राहिला जीएसटी. तो कार्डावर नाही, कार्ड वापरून घेतलेल्या वस्तूवर लागतो. यात शंका असेल तर आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाकडे पाहा. प्रीमियर सेल्स प्रमोशन या कंपनीच्या खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं, की व्हाउचर ही वस्तूही नाही आणि सेवाही नाही. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनेही हेच मान्य केलं. बक्षीस मिळवण्यासाठी आधी कर भरायला सांगणारा माणूस कोणत्या खात्याचा, ते ज्याचं त्याने ओळखावं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. कार्डाचे रोख पैसे करून मिळत नाहीत, कितीही मोठा दुकानदार ओळखीचा असो. त्यात पुन्हा पैसे भरताही येत नाहीत. मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमातल्या कार्डाला किमान एक वर्षाची मुदत असते आणि धारकाने मागितलं तर ती वाढवून मिळू शकते. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. हे सांगून जीभ झिजली.

गिफ्ट कार्डं सोडून बाकीच्या डिजिटल खरेदीतही गैरसमज आहेत. "ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे माझं झालं" हेही तितकं सरळ नाही. सहसा आपण वाचण्याचा परवाना विकत घेतो. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या किंडलवरून दोन पुस्तकं परस्पर पुसली आणि पैसे परत केले. त्यातलं एक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '1984', माणसावर पाळत ठेवणाऱ्या राजवटीची कादंबरी! कंपनीने नंतर माफी मागितली.

शेवटचा गैरसमज, आणि दुकानदारांच्या फार सोयीचा: "डिजिटल मालाला तक्रार नसते." असते. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत 'डिजिटल उत्पादनं' हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाही लावला, तर भालकीच्या माणसाने बंगळुरू किंवा मुंबई गाठायची गरज नाही. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. म्हणजे बिदरच्या ग्राहक आयोगात अर्ज चालतो, आळंदच्या माणसाचा कलबुर्गीत. खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं.