चांदीच्या पाण्याचा हिशेब

चांदीचे पाणी, म्हणजे कलॉइडल सिल्व्हर, घरी तयार करणारे यंत्र कसे निवडावे, याच्या ठरलेल्या खुणा आहेत. तारा ९९.९९ टक्के शुद्ध चांदीच्या असाव्यात, वीजप्रवाह डीसी आणि आटोक्यातला असावा, पाणी डिस्टिल्ड असावे आणि तयार पाण्याचे पीपीएम, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम चांदी, ते मीटरवर तपासावे. यंत्रापुरत्या या खुणा बरोबर आहेत. पण यंत्र चांगले असणे याचा अर्थ पाण्यात चांदी नीट उतरते, एवढाच. ती पोटात गेल्यावर काय करते, हा प्रश्न निराळा आहे आणि खरेदीआधी विचारायचा तो हाच. त्याचे आज मिळणारे उत्तर पाहता, पिण्यासाठी असे यंत्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राची रचना साधी असते. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडल्या, तरी काम सुरू होते. धन टोकाच्या तारेतून चांदीचे आयन पाण्यात सुटतात, ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात. काही आयनांचे सूक्ष्म कण बनतात आणि पाण्याला पिवळसर झाक येते. पाणी अगदी नितळ राहिले तर त्यात बहुतांश आयनच असतात. नळाचे पाणी घेतले किंवा काम लवकर व्हावे म्हणून चिमूटभर मीठ टाकले, तर क्लोराइडशी संयोग होऊन पांढुरका गढूळपणा येतो. फॅरडेच्या नियमानुसार एक मिलिॲम्पिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे लिटरभर पाण्यात ४ पीपीएम. हा हिशेब कागदावर चोख असला तरी भांड्यात तसा उतरत नाही. आयन वाढतील तसा प्रवाह वाढत जातो, थोडी चांदी दुसऱ्या तारेवर जाऊन बसते, थोडी तळाशी जाते. घरातला टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून आकडा दाखवतो. कणांच्या रूपातली चांदी त्याला जवळजवळ कळतच नाही. लेझरचा झोत पाण्यात उमटला तर कण आहेत एवढे समजते, किती आहेत ते नाही. खरे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते. म्हणजे पिणाऱ्याला आपण किती चांदी घेतो आहोत, हेच ठाऊक नसते.

हे प्रमाण महत्त्वाचे का, ते आकड्यांतून दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रोज तोंडावाटे जाणाऱ्या चांदीसाठी दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम ही संदर्भमर्यादा धरली आहे. सत्तर किलोच्या माणसासाठी ती होते ३५० मायक्रोग्रॅम. दहा पीपीएमच्या दोनशे मिलिलिटर पाण्यात मात्र २,००० मायक्रोग्रॅम चांदी असते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ सहापट. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालते. दहा पीपीएमचे पाणी त्याच्या शंभरपट आहे. रोज चमचाभरच घेतले तर मर्यादा ओलांडली जाणार नाही, हे खरे. पण त्या चमच्याने कोणता आजार बरा होतो, हेही सिद्ध झालेले नाही. कलॉइडल सिल्व्हर असलेली आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये दिला.

नुकसान मात्र नोंदलेले आहे. शरीरात साचलेली चांदी त्वचेत उतरते आणि उजेडाने काळवंडते. जुन्या फोटोच्या फिल्मवर घडायचे, तसेच काहीसे. त्वचा निळसर राखाडी होते. या अवस्थेला आर्जिरिया म्हणतात आणि एकदा आलेला हा रंग सहसा कायमचा राहतो. मोंटाना राज्यातून अमेरिकी सिनेटची निवडणूक लढवलेले स्टॅन जोन्स यांचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. २००० साल उजाडताना संगणक बिघडून प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या भीतीने ते घरीच पाण्यात चांदीच्या तारा सोडून केलेले पाणी पीत होते. त्यांची त्वचा निळसर राखाडी झाली. चांदी काही औषधांच्या शोषणातही अडथळा आणते. थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके त्यांत येतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की चांदी जंतू मारते. मारतेच. कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकात नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत रूढ केली आणि कितीतरी मुलांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आजही लावतात. पण हे सारे जंतू असतील त्याच जागी, बाहेरून, ठरलेल्या मात्रेत होते. पोटातल्या आयनांना आधी क्लोराइड आणि प्रथिने गाठतात. काचेच्या बशीत जंतू मरतात म्हणून रक्तातही मरतील, असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवतात, मिठाईवर वर्क लावतात, वैद्य रौप्यभस्म देतात, मग यालाच हरकत का? वाटीतून किंवा वर्कातून धातुरूप चांदी फारच थोडी विरघळते. यंत्र मात्र तिला विरघळवण्यासाठीच बनवलेले असते. भस्म हे वेगळे द्रव्य आहे, त्याचा न्याय त्याच्याच पुराव्यावर करावा लागेल. त्याच्या आधाराने यंत्रातल्या पाण्याची शिफारस होत नाही. पाण्याच्या फिल्टरमध्येही चांदी वापरतात, पण तिथे ती बहुतांशी फिल्टरमध्येच राहावी अशी योजना असते.

महागड्या उपचारांनी थकलेल्या माणसाला स्वस्त, आपल्या हातातला उपाय हवासा वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या इच्छेचा मला आदर आहे. म्हणूनच यंत्र आधीच घरी असेल त्यांना सांगावेसे वाटते, की ते मुलांना इलेक्ट्रोलिसिस दाखवायला वापरा. ते पाणी पिऊ नका, डोळ्यांत घालू नका, वाफेच्या यंत्रातून फुप्फुसांत ओढू नका. आजवर पीत असाल तर थांबा आणि डॉक्टरांना तसे सांगा, विशेषतः थायरॉइडचे औषध चालू असेल तर. ज्या तापासाठी किंवा जखमेसाठी हे पाणी करायचे मनात आले, तो ताप, ती जखम वेळेत दाखवली तर ठरलेल्या मात्रेचे औषध मिळू शकते. घरच्या भांड्यात ती मात्राच ठरवता येत नाही.