ग्रॅफाइट (घन वंगण)
ग्रॅफाइट हे कार्बनचे अपरूप असून घन वंगण म्हणून वापरले जाते. त्याच्या थरातील लगतच्या अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमध्ये सुमारे ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. थरांमधील बंध दुर्बल असल्याने ते एकमेकांवरून सरकतात. शिसपेन्सिल कागदावर उमटते ती यामुळेच.

मात्र वंगणासाठी केवळ ही रचना पुरेशी नसते. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचीवर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश झपाट्याने झिजू लागले. थरांच्या कडांवरील अतृप्त बंध एरवी हवेतील बाष्पामुळे निष्क्रिय होतात; कोरड्या, विरळ हवेत ते परस्परांना चिकटतात आणि घर्षण वाढते. म्हणून उपग्रहांच्या यंत्रभागांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात. त्याचे घर्षण निर्वातात कमी, तर दमट हवेत अधिक असते.