यंत्रमागाचा खडखडाट आणि विस्मृतीचा आजार

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट कोणाला नवा नाही. मागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. वर्षानुवर्षे अशा आवाजात राबणाऱ्याची श्रवणशक्ती मंदावते, हेही जुनेच ज्ञान. मात्र या बहिरेपणाचा धागा थेट स्मृतिभ्रंशापर्यंत पोहोचतो, ही जाणीव अलीकडची आहे.

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली. ती सारी दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्याचा अंदाज. त्यांत मध्यम वयातील श्रवणदोष आणि घातक कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के. बालपणी सुटलेली शाळा, एकाकीपणा, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचा धूर, प्रदूषित हवा ही नावेही त्याच यादीत आहेत. ऐकू येईनासे झाले की माणूस ओट्यावरच्या गप्पांतून हळूहळू बाजूला होतो. म्हणजे एक कारण दुसऱ्याला जन्म देते.

मग आनुवंशिकतेचे काय? ‘वडिलांना होता, आता मलाही होणार’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अतिरंजित आहे. पिढ्यान्‌पिढ्या निश्चितपणे उतरणारा अल्झायमर अतिशय दुर्मीळ असतो. एपीओई जनुकाचा ‘ई-४’ हा प्रकार धोका वाढवतो खरा. पण तो असूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते, आणि तो नसलेल्यांनाही आजार गाठतो.

बुऱ्हाणपूरच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी अशा भाषा या सीमेवरच्या शहरात सहज एकमेकींत मिसळतात. हैदराबादेत ६४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. विशेष म्हणजे निरक्षरांतही हा फरक आढळला.

देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. घरोघरी मात्र त्याला अजून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा वाढतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून आजोबा प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागले, तर पहिली तपासणी त्यांच्या कानांची व्हावी आणि दुसरी रक्ताची.