झाक यांचा वर्ग

सोव्हिएत बुद्धिबळाच्या प्रदीर्घ वर्चस्वाची मीमांसा करताना सरकारी पाठबळ, क्रिलेंको यांच्यासारख्या सत्ताधाऱ्याने 1924 पासून उभारलेली संघटना आणि जगज्जेते बोट्विनिक यांची शास्त्रशुद्ध तयारी या तीन कारणांवर बहुतेक अभ्यासक येऊन थांबतात. ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत, कारण या यंत्रणेचा खरा भार पायोनियर राजवाड्यांतील, म्हणजे शाळकरी मुलांसाठी शहरोशहरी चालवल्या जाणाऱ्या छंदकेंद्रांतील, बुद्धिबळवर्गांनी वाहिला आणि त्या वर्गांचे शिक्षक इतिहासात बहुधा तळटीपेपुरतेच उरले.

अशा केंद्रांमध्ये लेनिनग्राडचे केंद्र अग्रगण्य होते. नेव्हस्की रस्ता आणि फोंतान्का नदी जिथे भेटतात तिथला अठराव्या शतकातला अनिच्कोव राजवाडा 1937 मध्ये मुलांच्या स्वाधीन झाला. 1941 मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिथे जखमींसाठी रुग्णालय उघडावे लागले, परंतु वेढा जानेवारी 1944 मध्ये पूर्णपणे उठण्याच्या कितीतरी आधीच मुलांचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. उपासमारीतून आणि आप्तांच्या मृत्यूंतून वाचलेल्या पिढीला या वर्गाने बुद्धिबळाइतकाच आसराही दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

या केंद्रांच्या सांघिक स्पर्धेचे नियम विशेष लक्षवेधी आहेत. ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या वृत्तपत्राच्या पुरस्कारासाठी 1970 च्या दशकात सुरू झालेल्या या स्पर्धेत प्रत्येक संघात सात शालेय खेळाडू असत आणि त्याच केंद्रात शिकून पुढे ग्रँडमास्टर झालेला खेळाडू संघाचा कप्तान असे. मुले एकमेकांशी खेळत नसत. प्रतिस्पर्धी संघाचा कप्तान त्या सातही जणांशी घड्याळ लावून एकाच वेळी सात पटांवर खेळे आणि मुलांनी मिळवलेले गुण कप्तानाच्या गुणांत मिळवून संघाची बेरीज होई. कप्तानाने आपल्या सात पटांवर चूक केली तर मुलांची मेहनत वाया जाई, आणि मुलांनी बलाढ्य पाहुण्याला बरोबरीत रोखले तर कप्तानाची बाजू सावरे, त्यामुळे थोर माजी विद्यार्थी आणि नवशिका यांना एकमेकांवाचून तरणोपाय नसे. जुन्या-नव्यांना असे एकाच हिशेबात बांधणारी दुसरी सांघिक पद्धत बुद्धिबळात शोधूनही सापडणे कठीण आहे. 1975 मध्ये लेनिनग्राड येथे त्याच वर्षी जगज्जेता झालेल्या कार्पोव यांच्याकडून बाकूच्या संघातला बारा वर्षांचा कास्पारोव हरला, आणि पुढे 1981 मध्ये तोच बाकूचा कप्तान म्हणून उतरला.

लेनिनग्राडच्या वर्गाचा आत्मा मात्र व्लादिमीर झाक (1913–1994) हे होते. ते स्वतः ग्रँडमास्टर नव्हते, पण ज्या वर्गात ते शिकवत होते त्यातून स्पास्की, कोर्चनोय आणि पुढे कित्येक वर्षांनी काम्स्की हे जगज्जेतेपदाची लढत खेळलेले तीन खेळाडू घडले. कोर्चनोय यांना मोदेल आणि बातुयेव यांचेही मार्गदर्शन लाभले, म्हणून त्यांच्या यशाचे सारे श्रेय झाक यांना देणे न्यायाचे होणार नाही. स्पास्कीवरील झाक यांचा ठसा मात्र निर्विवाद आहे. 1946 च्या उन्हाळ्यात उद्यानातल्या बुद्धिबळमंडपात तासन् तास डाव पाहत बसणारा नऊ वर्षांचा गरीब मुलगा त्याच वर्षी त्यांच्या वर्गात आला आणि काही वर्षांतच सरकारी विद्यावृत्ती मिळवण्याच्या योग्यतेला पोहोचला.

वर्गात काय घडत होते याची साक्ष 1949 मधल्या एका डावात मिळते. बारा वर्षांचा स्पास्की पांढऱ्या मोहऱ्यांनी अव्तोनोमोव याच्याविरुद्ध खेळत होता आणि त्याच्याकडे डी4 घरावर एकाकी प्यादे, म्हणजे दोन्ही शेजारच्या पट्ट्यांत स्वपक्षाचे प्यादे नसलेले प्यादे, होते. असे प्यादे सहसा ओझे मानले जाते, आणि काळ्याने त्याची वाट अडवण्यासाठी घोडा बी4 घरावर आणला होता. तरीही बाराव्या चालीला स्पास्कीने ते नेमके त्याच अडवलेल्या घरात, डी5 वर, ढकलले. प्यादे गेले, पण मधल्या पट्ट्या उघडल्या आणि काळ्याच्या राजाचा किल्लेकोट अजून झालेला नव्हता, तो पुढे होऊच शकला नाही. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याने हत्ती अर्पण केला आणि एकविसाव्या चालीला वजीर व घोडा यांनी मिळून जी7 घरावर मातेची धमकी दिल्यावर काळ्याने डाव सोडला. एखादी युक्ती पाठ करून असा डाव खेळता येत नाही. मोहऱ्यांच्या हालचालीचे मोल प्याद्यापेक्षा अधिक असते, ही समज अगदी कोवळ्या वयात पक्की झालेली असावी लागते.

1950 च्या दशकाच्या आरंभी स्पास्की आक्रमक खेळाच्या तोलुश यांच्याकडे गेला आणि नंतर बोंदारेव्हस्की यांच्या मार्गदर्शनाखाली 1969 मध्ये जगज्जेता झाला. प्रशिक्षकांच्या नामावळीत शेवटच्या नावाला सर्वाधिक मान मिळतो, परंतु पाया घालून विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे केंद्रातील शिक्षकाचे नित्याचे काम होते आणि त्या कामाचे मोल फार कमी केले गेले आहे.

एकाच केंद्रातील स्पास्की आणि कोर्चनोय जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत दोनदा समोरासमोर आले. 1968 मध्ये कीव येथे स्पास्की 6.5–3.5 असे जिंकले. 1977–78 मधील बेलग्राडची लढत मात्र कडवट झाली, कारण कोर्चनोय 1976 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे राहून मायदेशाशी संबंध तोडून बसले होते. दहा डावांनंतर ते 7.5–2.5 असे आघाडीवर होते. याच सुमारास स्पास्की यांनी पटासमोर बसणे सोडले. ते मंचामागून प्रदर्शनपटावर डाव पाहत आणि फक्त चाल करायला बाहेर येत. कोर्चनोय यांनी त्यावर संतापून तक्रारी केल्या, सलग चार डाव गमावले, आणि अखेरीस 10.5–7.5 असा विजय मिळवला. पटावरच्या या वैराच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते: कोर्चनोय यांच्या देशत्यागानंतर सोव्हिएत ग्रँडमास्टरांनी त्यांच्या निषेधाचे जे सामूहिक पत्र काढले, त्यावर स्पास्की यांनी सही केली नाही.