पदपथ आहे, पण चालायचे कुठून?

पुण्यातील एखाद्या वर्दळीच्या रस्त्यावर सकाळी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. शेजारी पदपथ असूनही माणसे डांबरी रस्त्याच्या कडेने, वाहनांकडे पाठ करून चालताना दिसतात. पादचाऱ्यांनाच शिस्त नाही, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. 'परिसर'सारख्या संस्था मात्र अनेक वर्षे उलट बाजूने प्रश्न विचारीत आल्या आहेत : तो पदपथ चालण्याजोगा आहे काय?

याचे उत्तर शोधण्यास साधी मोजपट्टी पुरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मानकानुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा अधिक नसावी. समोरासमोर आलेल्या दोन चाकांच्या खुर्च्यांना एकमेकींना ओलांडून जाता यावे, हा या रुंदीमागील हिशेब. तीन मीटरचा पदपथ बांधून त्याच्या मधोमध विजेची पेटी किंवा जाहिरातफलक उभा केला, तर चालण्यास उरते ती अरुंद फट. कागदोपत्री मात्र तो पदपथ तीन मीटरचाच राहतो. उंचीची कथाही निराळी नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, पुढे पदपथही वर उचलला जातो आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो पुन्हा खाली उतरतो. शंभर पावलांत चार-पाच चढउतार करण्यापेक्षा गुडघेदुखीने त्रस्त आजी सपाट डांबरावरून चालतात, यात बेशिस्त कोणती?

या निवडीची किंमत मोठी आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ३२,८२५ पादचारी आणि ४,८३६ सायकलस्वार होते. वाहनाचा वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला, की त्याच्या आघाताची ऊर्जा सुमारे पावणेतीनपट होते. म्हणूनच रस्ते रुंद व गुळगुळीत करताना चालणाऱ्यांची सोय मागे ठेवणे हे केवळ गैरसोयीचे नव्हे, तर जीवघेणे ठरते.

सायकलींच्या मार्गांची अडचण थोडी वेगळी. दोन चौकांमधील सरळ पट्ट्यात मार्ग आखणे सोपे असते. वळणारी वाहने आणि सायकली जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकापाशीच तो अनेकदा संपतो. संरक्षणाची खरी गरज तेथेच असते.

धोरणांची वानवा नाही. 'वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण' हे तत्त्व केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मांडले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये ८०० किलोमीटरहून अधिक मार्गांचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास वाजतगाजत आलेल्या भाड्याच्या सायकली दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या, तो भाग निराळा! घोडे अडते ते अंमलबजावणीत. पदपथ पथ विभागाचा, खांब विद्युत विभागाचा, टपरी अतिक्रमण विभागाच्या अखत्यारीत आणि पदपथावर चढविलेली दुचाकी वाहतूक पोलिसांकडे. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचे निम्मे श्रम योग्य दार शोधण्यातच जातात.

व्यापाऱ्यांचा आक्षेपही असतो : वाहनतळ गेला, की गिऱ्हाईक गेले. हा आक्षेप सरसकट झटकून टाकण्याजोगा नाही. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून महापालिकेने 'पादचारी दिन' साजरा केला. वाद घालण्यापेक्षा असे प्रयोग अधिक उपयोगी, असे आम्हांस वाटते. मात्र वर्षातील एका दिवसाने गिऱ्हाइकांची सवय बदलते की नाही, हे कळणे कठीण.

अडथळाविरहित आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोटार वाहन कायद्याच्या १३८(१अ) कलमाखाली पादचाऱ्यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास न्यायालयाने राज्यांना सांगितले. नियमांवर बोट ठेवून जाब विचारायचा, तर 'पदपथ खराब आहे' एवढे लिहून भागणार नाही. अमुक फाटकापासून तमुक खांबापर्यंत मोकळी रुंदी किती, उंची किती आणि मध्ये उभी असलेली पेटी कोणत्या विभागाची, हे अर्जात नोंदवावे लागेल.